मेल येतात, पण जात नाहीत: घरच्या कॉम्प्युटरवर काय तपासायचं

सांगली-मिरज-कुपवाडात घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करतो. गणपती पेठेतल्या अडत दुकानदाराच्या घरचा कॉम्प्युटर असो, विश्रामबागेतल्या निवृत्त सरांचा असो की तासगावकडच्या द्राक्ष बागायतदाराचा, तक्रार ठरलेली: “मेल येतायत, पण इकडून जाईनात.” बहुतेक घरांत मी पोचायच्या आधीच कुणीतरी सेटिंग बदलून पाहिलेली असतात, कुठे तर अकाउंट काढून पुन्हा घातलेलं असतं. मूळ बिघाड एक, त्यावर आणखी दोन नवे. म्हणून हे क्रमाने लिहितोय. बिनखर्चाचं आणि बिनधोक ते आधी, अवघड ते शेवटी. ज्या पायरीवर मेल जाईल तिथेच थांबा, पुढच्या सेटिंगला हात लावू नका.

आधी लक्षण ओळखा

“मेल जात नाही” म्हणणाऱ्या प्रत्येकाचा बिघाड सारखा नसतो. मेल आत्ता नेमका कुठे आहे हे पाहिलं की निम्मा उलगडा होतो.

मेल आउटबॉक्समध्येच (जायच्या रांगेत थांबलेल्या मेलच्या फोल्डरमध्ये) बसून असेल, तर तो तुमच्या कॉम्प्युटरमधून बाहेरच पडलेला नाही. बिघाड घरात आहे किंवा घर आणि मेल कंपनी यांच्यामधल्या वाटेवर आहे.

‘सेंट’ म्हणजे गेलेल्या मेलच्या फोल्डरमध्ये दिसतोय, पण थोड्या वेळात ‘मेल डिलिव्हरी सबसिस्टिम’ किंवा ‘मेलर-डीमन’ अशा नावाने एक इंग्रजी मेल परत आला, तर तुमच्याकडून तो गेला आणि पुढे नाकारला गेला. नाकारण्याचं कारण त्या परत आलेल्या मेलमध्ये लिहिलेलं असतं.

सेंटमध्ये आहे, परत काही आलेलं नाही आणि समोरचा म्हणतो मिळाला नाही. यात तुमच्या कॉम्प्युटरचा दोष जवळजवळ कधीच नसतो. त्यांना स्पॅम फोल्डर पाहायला सांगा, पत्ता एकेक अक्षर ताडून बघा.

पासवर्डची खिडकी पुन्हा पुन्हा उघडत असेल तर प्रकरण ओळख पटण्याचं आहे. नुसता मजकूर जातो आणि फाइल जोडली की अडकतो, तर प्रकरण आकाराचं. घरच्या वायफायवर जात नाही पण मोबाइलचा डेटा दिला की जातो, तर प्रकरण नेटच्या वाटेचं.

स्क्रीनवर एरर आली तर ‘ओके’ दाबून घालवू नका. मोबाइलने तिचा फोटो काढा. लोक मला फोनवर सांगतात, “काहीतरी इंग्रजीत आलं होतं, मी बंद केलं.” त्या दोन ओळींत बऱ्याचदा सगळं उत्तर असतं. ५३५ आकडा दिसला तर नाव-पासवर्ड नाकारलाय. ५५० म्हणजे समोरच्या बाजूने नकार. बहुतेक वेळा पत्ता चुकलेला असतो किंवा बंद झालेला असतो. ५५२ म्हणजे मेल फार मोठा आहे किंवा समोरची पेटी भरलेली आहे. ४ ने सुरू होणारा आकडा, म्हणजे ४२१ किंवा ४५१, तात्पुरता नकार सांगतो. तासाभराने पुन्हा पाठवा, काहीही बदलू नका.

येणारी वाट आणि जाणारी वाट वेगळी

“अहो, नेट चालू आहे की, मेल येतायत ना!” हे मला रोज ऐकावं लागतं आणि ते म्हणणं बरोबरही आहे. पण मेल आणण्याचं काम आयमॅप किंवा पॉप या पद्धतीने होतं आणि पाठवण्याचं काम एसएमटीपीने. दोन्हींचे सर्व्हर, म्हणजे मेल कंपनीकडचे कॉम्प्युटर वेगळे, पोर्ट, म्हणजे त्यांची आकड्यांनी ओळखली जाणारी दारं वेगळी, आणि कित्येक प्रोग्रॅममध्ये पासवर्डही वेगवेगळा साठवलेला. एक चालू आणि दुसरं बंद असं अगदी सहज होतं.

एसएमटीपीचा नियम १९८२ साली लिहिला गेला तेव्हा पाठवणाऱ्याला पासवर्ड विचारायची सोयच त्यात नव्हती. ती १९९९ मध्ये जोडली. म्हणूनच आजही आउटलुक या मेल प्रोग्रॅममध्ये ‘माझ्या आउटगोइंग सर्व्हरला ओळख लागते’ अशा अर्थाची वेगळी चौकट असते. ती सुटली की येणारे मेल येत राहतात आणि जाणारे अडतात.

ब्राउझरमधून एक मेल पाठवून बघा

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं, आणि सगळ्यात जास्त माहिती याच तपासणीतून मिळते. आउटलुक किंवा थंडरबर्ड जे वापरता ते बंद करा. क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये जीमेल, याहू, जे असेल ते उघडून घरातल्याच दुसऱ्या कुणाच्या पत्त्यावर नुसत्या मजकुराचा मेल पाठवा.

तो पोचला तर तुमचं अकाउंट ठीक आहे आणि नेटही ठीक आहे. बिघाड कॉम्प्युटरवरच्या मेल प्रोग्रॅममध्ये किंवा त्याच्या वाटेत आहे. ब्राउझरमधूनही गेला नाही तर आउटलुकची सेटिंग चाळण्यात अर्थ नाही. बिघाड अकाउंटमध्ये आहे. आणि तातडीचा कागद पाठवायचा असेल, जीएसटी रिटर्नची शेवटची तारीख असेल, तर ब्राउझरमधून आधी पाठवून मोकळे व्हा. दुरुस्ती निवांत करू.

जागा भरलीय का

गुगलच्या मोफत अकाउंटला १५ जीबी जागा मिळते आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. मोबाइलमधले फोटो आपोआप चढत असतात, लग्नाचे व्हिडिओ चढतात, आणि एक दिवस मेल जायचे थांबतात. जागा भरली की येणंही थांबतं, पण ते लवकर लक्षात येत नाही, कारण न आलेला मेल दिसत नाही. जीमेलच्या पानावर तळाशी किती जागा वापरली ते लिहिलेलं असतं.

मोठे मेल शोधायला शोधाच्या चौकटीत इंग्रजीत ‘लार्जर’, त्याला लागून कोलन आणि ‘१०एम’ असं टाइप करा. १० एमबीपेक्षा मोठे मेल समोर येतात. नको ते काढा आणि मग ट्रॅशही रिकामी करा. हे दुसरं काम लोक विसरतात. ट्रॅशमधला मेल ३० दिवस तिथेच राहतो आणि तेवढे दिवस जागाही अडवतो.

जागा शिल्लक असूनही अकाउंट पाठवू देत नसेल, तर त्या दिवशी एकगठ्ठा मेल पाठवलेत का ते आठवा. साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० च्या वर मेल गेले, किंवा एकाच मेलला ५०० च्या वर पत्ते लावले, तर पाठवणं काही काळ बंद होतं. दिवाळीच्या शुभेच्छा आणि सोसायटीच्या सभेच्या नोटिसा यात सापडतात. १ ते २४ तासांत आपोआप सुरू होतं, तोवर काही करायचं नसतं.

आउटबॉक्समध्ये एखादा अवजड मेल आडवा पडलाय का

एक मोठा मेल पुढे अडकला की मागचे चार छोटे मेलही थांबलेले पाहायला मिळतात. आउटबॉक्स उघडा आणि मेलचा आकार बघा.

जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, पण २५ एमबीची फाइल त्यात बसत नाही. मेलमधून फाइल जाताना तिचं अक्षरांत रूपांतर होतं, दर तीन बाइटची चार अक्षरं होतात, म्हणजे आकार साधारण एक तृतीयांशाने वाढतो. म्हणून १८ एमबीच्या आसपासच थांबावं. आउटलुक स्वतः मूळचीच २० एमबीची अट लावतं ती वेगळी.

बहुतेक वेळा दोष स्कॅनिंगचा असतो. खरेदीखताची पंधरा-वीस पानं रंगीत, ६०० डीपीआयवर (डीपीआय म्हणजे स्कॅनची बारकाई) स्कॅन केली तर फाइल सहज ३०-४० एमबी होते. तीच पानं १५० किंवा २०० डीपीआयवर, ग्रेस्केलमध्ये म्हणजे रंगांशिवाय घ्या. शिक्के आणि सह्या स्वच्छ वाचता येतात आणि फाइल दोन-तीन एमबीत येते. फोटो किंवा व्हिडिओ पाठवायचे असतील तर ड्राइव्हवर चढवून लिंक पाठवा.

आउटलुकची एक खोड माहीत असू द्या. आउटबॉक्समध्ये थांबलेला मेल तिरप्या अक्षरांत दिसतो. “काय झालंय बघू” म्हणून तो उघडून नुसता बंद केला की अक्षरं सरळ होतात आणि मग तो मेल रांगेतून बाहेर पडतो, कधीच जात नाही. उघडलाच असेल तर बंद करू नका, पुन्हा ‘सेंड’ दाबा. मेल अजिबात हलत नसेल, डिलीटही होत नसेल, तर आउटलुक ‘वर्क ऑफलाइन’वर टाका, बंद करून उघडा, मेल ड्राफ्टमध्ये ओढा किंवा काढून टाका. आणि काम झाल्यावर ‘वर्क ऑफलाइन’ बंद करायला विसरू नका. कितीतरी घरांत बिघाड एवढाच असतो की ते बटण चुकून दाबलं गेलेलं असतं.

पत्ता

लवकर उरकण्यासारखी गोष्ट आहे. टिंबाच्या जागी स्वल्पविराम, शेवटी रिकामी जागा, ‘जीमेल’मधली अक्षरं उलटसुलट. पहिली दोन अक्षरं टाइप केली की प्रोग्रॅम जुना पत्ता सुचवतो आणि आपण एंटर दाबतो. त्या माणसाने तो पत्ता कधीच सोडलेला असतो. सुचवलेल्या नावापुढची फुली दाबून ते काढून टाका आणि पत्ता नव्याने टाइप करा.

घड्याळ आणि तारीख

हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं आणि आपल्या भागात फार होतं. मेल प्रोग्रॅम सर्व्हरशी कुलूपबंद जोडणी करतो, आणि त्यासाठी सर्व्हरचं प्रमाणपत्र आज वैध आहे का हे तारखेवरून तपासतो. कॉम्प्युटर स्वतःला २०१२ सालात समजत असेल, तर आजचं प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच न झालेलं वाटतं आणि तो जोडणी नाकारतो. त्याच वेळी ब्राउझरमध्येही ‘जोडणी सुरक्षित नाही’ असे इशारे यायला लागतात.

डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा रुपयाच्या नाण्यासारखा चपटा सेल असतो. कॉम्प्युटर भिंतीवरच्या विजेच्या बोर्डावरूनच बंद केला की घड्याळ या सेलवर चालतं. आपल्याकडे रात्री बोर्डाचं बटण बंद करायची सवय आहे, ती चांगलीच आहे, पण त्यामुळे सेल लवकर संपतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांनी कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर नेऊन महिनोन्‌महिने बंद ठेवले, त्यांच्याकडे पुन्हा सुरू करताना पहिली तक्रार तारखेचीच निघायची.

खालच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख, वेळ आणि वर्ष बघा. लोक वेळ बघतात, वर्ष बघत नाहीत. सेटिंगमध्ये ‘सेट टाइम ऑटोमॅटिकली’ चालू करून ‘सिंक नाऊ’ दाबा, विभाग भारतीय वेळेचा ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकलं तर सेल बदला. तो शंभर रुपयांच्या आत कुठल्याही घड्याळाच्या किंवा इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. कॅबिनेट उघडण्यापूर्वी वायर बोर्डातून काढा आणि जुना सेल कोणत्या बाजूने बसवलाय त्याचा फोटो काढून ठेवा. लॅपटॉपचा सेल मात्र स्वतः बदलू नका, तो काही मॉडेलमध्ये वायरीने जोडलेला असतो.

पासवर्ड, आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या

प्रोग्रॅममधून मेल न जाण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण माझ्या पाहण्यात हेच. मुलगा पुण्याहून सुट्टीला येतो, वडिलांच्या सुरक्षेसाठी पासवर्ड बदलतो, दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एकदा ओळख विचारणारी सोय) चालू करतो आणि परत जातो. त्याने केलं ते अगदी योग्य केलं. फोनवर सगळं चालू राहतं, ब्राउझरमध्येही चालतं. घरच्या कॉम्प्युटरवरच्या आउटलुकला मात्र हे कुणी सांगितलेलं नसतं.

थंडरबर्डमध्ये येणाऱ्या आणि जाणाऱ्या सर्व्हरचे पासवर्ड वेगवेगळे साठवले जातात. मेल आणताना खिडकी उघडली, नवा पासवर्ड टाकला, मेल यायला लागले. जाणाऱ्याचा जुनाच राहिला. सेटिंगमधल्या साठवलेल्या पासवर्डच्या यादीत जाऊन ‘एसएमटीपी’ने सुरू होणारी नोंद काढून टाका. पुढचा मेल पाठवताना तो नव्याने विचारेल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. नुसतं नाव आणि पासवर्ड देऊन बाहेरच्या प्रोग्रॅमने आत शिरणं मोठ्या मेल कंपन्यांनी बंद केलंय. गुगलने साध्या अकाउंटसाठी ३० मे २०२२ पासून, आणि मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉम व हॉटमेलच्या अकाउंटसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून. म्हणून पासवर्ड शंभर टक्के बरोबर असूनही ५३५ येतो, आणि माणूस तोच तोच पासवर्ड टाकत बसतो.

यातून वाटा दोन. नवा प्रोग्रॅम असेल तर अकाउंटच्या सेटिंगमध्ये ओळखीची पद्धत ‘ओऑथ २’ निवडा. मग गुगलचं किंवा मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं पान उघडतं, पासवर्ड तिथे टाकायचा असतो. जाणाऱ्या सर्व्हरला ही पद्धत वेगळी निवडावी लागते, येणाऱ्याला निवडली म्हणून याला आपोआप लागू होत नाही. थंडरबर्ड मोफत आहे आणि गुगल, याहू, मायक्रोसॉफ्ट तिघांशीही या पद्धतीने बोलतं.

जुना प्रोग्रॅमच ठेवायचा असेल आणि अकाउंट गुगलचं असेल, तर ‘ॲप पासवर्ड’ घ्यावा लागतो. दुहेरी पडताळणी चालू असल्याशिवाय तो मिळत नाही. १६ अक्षरांचा असतो, चार-चारच्या गटात दिसतो, मधल्या मोकळ्या जागा टाइप करायची गरज नाही. तो नेहमीच्या पासवर्डच्या जागी प्रोग्रॅममध्ये टाकायचा. आणि एक लक्षात ठेवा: गुगलचा मुख्य पासवर्ड बदलला की आधी घेतलेले सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात. दर काही महिन्यांनी तीच तक्रार घेऊन फोन करणाऱ्यांच्या घरी हेच चालू असतं. मायक्रोसॉफ्टच्या घरगुती अकाउंटसाठी मात्र हा उपाय आता चालत नाही, तिथे प्रोग्रॅमच बदलावा लागतो.

विंडोज १० मधलं पाकिटाच्या चित्राचं जुनं ‘मेल’ ॲप वापरत असाल, तर ३१ डिसेंबर २०२४ नंतर त्यातून मेल येणं-जाणं मायक्रोसॉफ्टनेच थांबवलंय. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. दुसरा प्रोग्रॅम घ्या.

घरचं नेट सोडून मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून पाठवा

पासवर्डची बाजू स्वच्छ असेल आणि तरीही मेल आउटबॉक्समध्येच थांबून ‘सर्व्हरशी जोडता आलं नाही’ असं म्हणत असेल, तर कॉम्प्युटर घरच्या वायफायवरून काढून मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा आणि तोच मेल पाठवा. गेला, तर कॉम्प्युटर निर्दोष आहे. राउटर किंवा नेटची वाट दोषी आहे. राउटर बंद करून अर्धा-एक मिनिट थांबून चालू करा. मग सेटिंगमध्ये जाणाऱ्या सर्व्हरचं पोर्ट बघा.

२५ असेल तर उत्तर सापडलं. स्पॅम रोखण्यासाठी बहुतेक नेट कंपन्या घरगुती जोडण्यांवर २५ क्रमांकाचं पोर्ट बाहेर जाताना बंद ठेवतात. ते योग्यच आहे, उघडायला सांगू नका. त्याऐवजी ५८७ टाका आणि सुरक्षेत ‘स्टार्टटीएलएस’ निवडा, किंवा ४६५ टाका आणि ‘एसएसएल/टीएलएस’ निवडा. जोडी फोडायची नाही. ४६५ ला स्टार्टटीएलएस लावलं की एरर न येता मेल नुसता वाट बघत बसतो, आणि लोकांना वाटतं नेट स्लो आहे. जीमेलचा जाणारा सर्व्हर ‘एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम’ आणि नाव म्हणजे पूर्ण ईमेल पत्ता, नुसता पुढचा भाग नव्हे.

जुन्या घरांत एक प्रकार हमखास दिसतो. टेलिफोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड होतं तेव्हा बसवणाऱ्याने जाणारा सर्व्हर त्या नेट कंपनीचा टाकून दिलेला असतो. पुढे घरात गल्लीतल्या केबलवाल्याचं फायबर येतं. येणारे मेल जीमेलमधून येत राहतात. जाणारे मेल मात्र जुन्या कंपनीच्या दारात जातात आणि ‘तू आमच्या जोडणीवरचा नाहीस’ म्हणून परत फिरतात. एररमध्ये ‘रिलेइंग’ किंवा ‘रिले’ असा शब्द असतो. सर्व्हरचं नाव बदलून तुमच्या मेल कंपनीचं टाका, झालं.

५८७ आणि ४६५ दोन्ही घरच्या नेटवर बंद आणि हॉटस्पॉटवर चालू असतील, तर केबलवाल्याला फोन करा. “मेल जात नाही” म्हणू नका, तो म्हणेल नेट तर चालू आहे. “५८७ आणि ४६५ पोर्ट बाहेर जाताना अडतायत, मोबाइलच्या नेटवर चालतायत,” असं सांगा. मग तो तुमची तक्रार योग्य माणसाकडे देतो.

लहान मेल जातो आणि मोठा अर्ध्यात तुटतो असं असेल, तर चढतीचा वेग बघा. डाउनलोडचा आकडा सगळे सांगतात, मेल पाठवायला अपलोड लागतो. जुन्या आउटलुकमध्ये सर्व्हरची वाट एक मिनिट बघून सोडून द्यायची सेटिंग मूळची असते, ती ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन चार-पाच मिनिटांवर न्या.

अँटीव्हायरस

कित्येक अँटीव्हायरस जाणारा मेलही उघडून तपासतात. त्यासाठी ते प्रोग्रॅम आणि सर्व्हर यांच्या मधोमध उभे राहतात आणि स्वतःचं प्रमाणपत्र पुढे करतात. अपडेटनंतर त्यांचं काही बिनसलं की मेल अडतो. त्यातली फक्त मेल तपासणी दहा मिनिटं बंद करा, एक मेल पाठवा, पुन्हा चालू करा. पूर्ण अँटीव्हायरस काढून टाकू नका. कारण हेच निघालं तर तेवढी जाणाऱ्या मेलची तपासणी बंद ठेवली तरी चालते. फाइल उघडताना आणि साठवताना तो ती तपासतोच.

इथून पुढे सावकाश

आउटलुक कंट्रोलचं बटण दाबून धरून उघडा. ते सेफ मोडमध्ये सुरू होतं, म्हणजे त्याला जोडलेली इतर छोटी ॲप बाजूला राहतात. यात मेल गेला तर ती ॲप एकेक करून बंद करा.

त्यानेही झालं नाही तर नवं प्रोफाइल, म्हणजे आउटलुकमधला अकाउंट आणि सेटिंगचा संच, बनवायची वेळ येते. त्याआधी अकाउंट पॉपचं आहे की आयमॅपचं हे सेटिंगमध्ये पाहाच. पॉप असेल तर तुमचे वर्षानुवर्षांचे मेल सर्व्हरवर नसून फक्त याच कॉम्प्युटरवर, पीएसटी नावाच्या एका फाइलमध्ये असू शकतात. हळदीच्या सौद्यांचा आठ-दहा वर्षांचा पत्रव्यवहार एका फाइलमध्ये असलेली माणसं मला माहीत आहेत. आउटलुक बंद करून ती फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. कॉपी झाली, तिचा आकार मूळ फाइलइतकाच आहे हे पाहिलं, मगच पुढे. जुनं प्रोफाइल काढू नका. नवं शेजारी बनवा आणि त्यात मेल जातो का बघा.

हात थांबवा आणि माणूस बोलवा

पीएसटी कॉपी होताना एरर आली, किंवा हार्ड डिस्क टिकटिक आवाज करत असेल, तर कॉम्प्युटर लगेच बंद करा. मेलचा प्रश्न आता दुय्यम आहे, डेटा वाचवायचा आहे. पुन्हा पुन्हा चालू करून बघितल्याने असलेलंही जातं.

विंडोज ७ वर जुनं आउटलुक असेल आणि वरचं सगळं करूनही जोडणी होत नसेल, तर तिथे थांबा. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० नंतर सुरक्षेचे अपडेट नाहीत, आणि आजचे सर्व्हर जी नवी कुलूपपद्धत मागतात ती त्या जोडीला धड जमत नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये, हात घालून ती चालू करण्यापेक्षा ब्राउझरमधून मेल पाठवा आणि जाणत्याकडून पुढची व्यवस्था ठरवून घ्या.

धंद्याच्या स्वतःच्या डोमेनवरचा पत्ता (‘@’ च्या पुढे जीमेलऐवजी धंद्याचं नाव) असेल आणि मेल परत येताना ‘एसपीएफ’ किंवा ‘डीकेआयएम’ असे शब्द दिसत असतील, तर घरच्या कॉम्प्युटरवर काहीच करायचं नाही. मेल खरंच त्या डोमेनकडून आलाय का हे ताडायच्या या नोंदी फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू सक्तीने बघतात. ज्याने डोमेन घेऊन दिलं, वेबसाइट केली, त्याला तो परत आलेला मेल जसाच्या तसा पाठवा. ऑफिसचं किंवा कॉलेजचं अकाउंट असेल तर त्यांच्या आयटी विभागाला.

सेंटमध्ये तुम्ही न पाठवलेले मेल दिसत असतील, किंवा सेटिंगमध्ये अनोळखी पत्त्यावर फॉरवर्डिंग लावलेलं असेल, तर अकाउंटमध्ये कुणीतरी शिरलंय. ही एकच परिस्थिती अशी की क्रम मोडून ताबडतोब हालचाल करायची. दुसऱ्या स्वच्छ मोबाइलवरून पासवर्ड बदला, बाकी सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा, फॉरवर्डिंग काढा, दुहेरी पडताळणी चालू करा. पैशाचा व्यवहार झाला असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा.

आणि कळकळीने सांगतो, इंटरनेटवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधून मिळालेल्या नंबरावर फोन लावू नका. पलीकडचा माणूस गोड बोलून स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावतो, मग दहा रुपये भरा म्हणतो आणि खातं रिकामं करतो. आपल्या जिल्ह्यातल्या शिकल्यासवरल्या माणसांचे पैसे असे गेलेत. त्यापेक्षा गल्लीतला ओळखीचा कारागीर बोलवा. भेटीचे किती घेणार ते फोनवरच विचारून ठेवा. एररचे फोटो त्याला आधी पाठवा, निम्मा वेळ वाचतो. पासवर्ड त्याला सांगू नका, तो टाकायची वेळ आली की कीबोर्ड स्वतः घ्या. आणि “फॉरमॅट मारावा लागेल” असं तो बघता क्षणी म्हणाला तर नम्रपणे नको म्हणा. मेल न जाण्यावर फॉरमॅट हा इलाज क्वचितच लागतो.

दुरुस्ती पूर्ण व्हायच्या आत एक काम करा. आउटबॉक्स पुन्हा उघडा आणि आत काय साठलंय ते वाचा. वाट मोकळी झाली की तिथले सगळे मेल एकदम सुटतात: एकाच मेलच्या चार-पाच प्रती, सुधारणेआधीचं कोटेशन, आठवड्यापूर्वीचा बेदाण्याचा दर. व्यापाऱ्याला जुना दर लेखी गेला की तो निस्तरणं मेल दुरुस्त करण्यापेक्षा जड जातं. नको ते आधी काढा, मग एक नुसत्या मजकुराचा आणि एक छोटी फाइल जोडलेला असे दोन मेल पाठवा. दोन्ही समोरच्याला मिळाल्याचं फोनवर विचारून घ्या, आणि चालू झालेल्या सर्व्हरचं नाव, पोर्ट आणि सुरक्षेची पद्धत घरच्या डायरीत लिहून ठेवा.